पाटी वाचा, मग सही करा



आमच्या सिंदेवाही भागात उन्हाळी धानाची रोवणी बहुतेक आटोपली. आता पुढचे दोन-अडीच महिने बांधीतलं पाणी हटू द्यायचं नाही, म्हणजे सगळी भिस्त मोटारीवर. या पानावर मी नेहमी कीड, खत, बियाणं, भाव यांच्या नोंदी टाकतो. आज विजेबद्दल लिहितो. लाईन किती वेळ राहिली, बिल किती आलं, हे आपण रोजच बोलतो. पण विजेच्या यंत्रांचं माप कोणी बोलत नाही. इंग्रजीत त्याला स्टँडर्ड म्हणतात, सरकारी मराठीत मानक. मी आपलं माप म्हणतो.

सध्या गावोगावी दोन वाद चालू आहेत. एक, स्मार्ट मीटर लावू द्यायचं का नाही. दुसरा, सोलर पंप घ्यायचा का लाईनचाच बरा. दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलून राहिली. पण ते मीटर कोणत्या मापानं बनलं, त्या पंपाच्या कागदात काय लिहिलं, हे कोणी विचारत नाही. माझं मत असं, की पहिला प्रश्न हाच पाहिजे. माप लिहिलेलं असलं, सगळ्यांना उघडं असलं, तर ते आपल्या कामाचं. माप कंपनीच्या खिशात असलं, तर आपण तिच्या दावणीला.

धानाचं माप आपल्याला समजते

हे काही आपल्यासाठी नवं नाही. माझ्या आज्याच्या काळी पायली-कुडो होते. एका गावाची खंडी दुसऱ्या गावाच्या खंडीला जुळत नव्हती. व्यापारी आपलं माप घेऊन यायचा आणि त्याच्याच मापानं मोजायचा. १९५६ मध्ये देशात मेट्रिक वजन-मापाचा कायदा झाला आणि हळूहळू किलो-क्विंटल आलं. आजही आपण घरात खंडी बोलतो, पण पैसे क्विंटलवर घेतो.

आता आधारभूत केंद्रावर पहा. धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. तिथं कोणी म्हटलं, "भाऊ, धान ओला हाय तुमचा," तर आपण म्हणतो, "यंत्र लावा जी, आकडा दाखवा." आपल्याला तसं म्हणता येते, कारण १७ चा आकडा कागदावर आहे. तो आकडा नसता तर मूठभर धान हातात घेऊन समोरचा जे म्हणेल तेच खरं झालं असतं.

विजेचंही तसंच आहे. फरक एवढाच, की धानाचा आकडा आपल्याला पाठ आहे आणि विजेचा नाही.

५० चा आकडा आणि आपली भद्रावती

मोटारीची पाटी पुसून पहा. त्यावर ५० हर्ट्झ लिहिलेलं असते आणि फेरे २८०० च्या आसपास. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. त्या ५० वरूनच आपली मोटार फिरते. ५० खाली आले तर मोटारीचे फेरे कमी, फेरे कमी तर पाणी कमी. देशाच्या ग्रिड संहितेनं हा आकडा ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये ठेवायला सांगितलं आहे. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत सगळी मोठी केंद्रं आज एकाच तालात फिरतात. बंडीला जुंपलेले दोन बैल जसे एका पावलानं चालले पाहिजेत, तसं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं, आणि त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. भद्रावतीजवळ पॉवरग्रिडचं मोठं केंद्र आहे. महाराष्ट्राची वीज पश्चिम विभागाच्या ग्रिडवर होती आणि गोदावरीपलीकडे आंध्र वगैरे दक्षिण विभागाच्या ग्रिडवर. दोघांचा ताल वेगळा. थेट तार जोडली असती तर दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना ओढून बंद पडली असती. म्हणून १९९७-९८ च्या सुमारास भद्रावतीला अशी यंत्रणा उभी राहिली, की इकडची एसी वीज आधी डीसी करायची आणि त्याच आवारात परत पलीकडच्या तालाची एसी करून रामागुंडमकडे सोडायची. त्या यंत्रणेची ताकद १००० मेगावॅट. चंद्रपूर केंद्राची आजची क्षमता २९२० मेगावॅट आहे, त्यावरून अंदाज करा. म्हणजे शेजारच्या राज्यात वीज द्यायची तर एवढा मोठा कारखाना मध्ये बसवावा लागत होता, कारण दोघांचा ताल एक नव्हता.

३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिण ग्रिड बाकी देशाच्या तालात आली. तेव्हापासून देश एक ग्रिड झाला.

जपानचं उदाहरण याहून बोलकं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी टोकियोनं जर्मनीची यंत्रं घेतली, ती ५० ची. ओसाकानं अमेरिकेची घेतली, ती ६० ची. कोणी एकत्र बसून ठरवलं नाही. आजही अर्धा देश ५० वर, अर्धा ६० वर. २०११ च्या भूकंपात पूर्वेकडची वीज केंद्रं बंद पडली, पश्चिमेकडे वीज होती, पण मधल्या यंत्रणेतून हजार-बाराशे मेगावॅटच्या वर नेता आली नाही. एवढा पुढारलेला देश, पण पहिल्या खरेदीच्या वेळी माप जुळवलं नाही त्याचा फटका शंभर वर्षांनी बसला.

आपल्याकडे सध्या मीटर, सोलर पंप, छतावरचं सोलर, बॅटरी, सगळ्यांची पहिली खरेदी चालू आहे. म्हणून हे आत्ताच बोललं पाहिजे.

सगळे एकाच वेळी

एक ताल असण्यातही धोका आहे, तोही सांगतो. २०१२ च्या ३० आणि ३१ जुलैला उत्तरेकडच्या ग्रिडा कोसळल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य मिळून ६० कोटींच्या वर माणसांचा भाग अंधारात गेला. पश्चिम आणि दक्षिण विभाग वाचले. एकाच दाव्यात बांधलेली ढोरं एक पडलं की बाकीच्यांना ओढते, तसं ते झालं. म्हणून एक ताल ठेवायचा तर कोणी किती ओढायचं आणि संकटात कोणी कधी सुटायचं, याचंही माप लागते.

हे आपल्या डीपीवर पहा. बहुतेकांच्या स्टार्टरला ऑटो स्विच असते. रात्री लाईन आली की घरी झोपलेल्या माणसाची मोटार आपोआप सुरू. सोय चांगली, विशेषतः आमच्या वाघाच्या भागात. पण एका डीपीवर वीस मोटारी असल्या तर वीसच्या वीस एकाच क्षणी उचलतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते. मग फ्यूज उडते नाही तर डीपीच जळते आणि भर हंगामात आठ-पंधरा दिवस सगळेच बसतात. प्रत्येकानं दोन-चार मिनिटांचा वेगवेगळा टायमर लावला आणि कपॅसिटर बसवला तर हे बरंच टळते. यासाठी आपसात ठरवावं लागते, दुसरं काही नाही.

जर्मनीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या जुन्या नियमात होतं, की ताल ५०.२ च्या वर गेला की छतावरच्या सोलरनं ताबडतोब बंद व्हावं. सोलर थोडं होतं तोपर्यंत ठीक. मग लाखो छतं झाली आणि तज्ज्ञांच्या लक्षात आलं, की ५०.२ ला ही सगळी एकाच क्षणी बंद झाली तर ग्रिडच कोसळेल. २०१२ मध्ये त्यांना कायदा करून सुमारे ३ लाख सोलर संचांच्या इन्व्हर्टरमध्ये बदल करावे लागले. आपल्या ऑटो स्विचची उलटी गोष्ट. इथं सगळे एकदम सुरू, तिथं सगळे एकदम बंद.

याच्याशी जोडलेला एक प्रश्न मला बरेच जण विचारतात. छतावर सोलर लावलं, वर ऊन कडक आहे, तरी लाईन गेली की घरातले पंखे बंद कसे? फसवलं का? नाही. तसंच माप आहे. लाईन बंद आहे असं समजून लाइनमन खांबावर चढतो. त्या वेळी आपल्या छतावरची वीज तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरनं लाईन जाताच थांबलं पाहिजे, ही अट जगभर आहे आणि आपल्याकडे आयएस १६१६९ प्रमाणे त्याची तपासणी होते. लाईन गेल्यावरही वीज पाहिजे असेल तर बॅटरीवाला वेगळा संच घ्यावा लागतो. विकणाऱ्यानं हे आधी सांगितलं पाहिजे.

मीटरची भाषा

आता स्मार्ट मीटर. यात तीन गोष्टी आपण एकाच टोपलीत टाकतो, त्या वेगळ्या करू.

पहिली, मीटर बरोबर मोजते का. याचं माप आहे. स्मार्ट मीटरसाठी भारतीय मानक आयएस १६४४४ हे २०१५ मध्ये आलं. मीटरच्या पाटीवर हा नंबर आणि वर्ग १ असं लिहिलेलं असते. वर्ग १ म्हणजे चूक साधारण १ टक्क्याच्या आत. शंका असली तर मीटर तपासून मागायचा हक्क ग्राहकाला आहे. तपासणी मागताना "मीटर पळते" असं म्हणण्यापेक्षा "वर्ग १ च्या मापात आहे का ते दाखवा" असं अर्जात लिहा.

दुसरी, मीटर कोणाशी बोलू शकते. इलेक्ट्रॉनिक मीटर नवे आले तेव्हा प्रत्येक कंपनीच्या मीटरची भाषा वेगळी होती. एका कंपनीचं मीटर वाचायला तिचंच यंत्र, तिचंच सॉफ्टवेअर. वीज कंपनीनं एकदा एकाकडून घेतलं की पुढे त्याच्याच मागे फिरायचं. जगात यासाठी आयईसी ६२०५६ नावाची सामायिक भाषा ठरली. तिच्यावरून आपल्याकडे २०११ मध्ये आयएस १५९५९ आलं. आता कोणत्याही कंपनीचं मीटर त्या भाषेत बोललं पाहिजे. त्यामुळे पुरवठादार बदलता येतो, भाव पाडून घेता येतो. शेवटी हा खर्च आपल्याच बिलातून निघतो, म्हणून ही गोष्ट आपल्याही फायद्याची.

तिसरी, पैसे आधी घ्यायचे का नंतर. याचा मापाशी काही संबंध नाही. हा सरकारचा आणि कंपनीचा निर्णय. तेच मीटर प्रीपेडही चालते आणि पोस्टपेडही. २०२४ च्या जूनमध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं, की सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. आता पोस्टपेड टीओडी मीटर लागून राहिले. लोकांनी आवाज केला म्हणून हे बदललं, आणि तो आवाज बरोबर होता. ज्याच्या हातात पैसा वर्षातून दोनदा, धान विकल्यावर येतो, त्याला रोजचं रिचार्ज कसं परवडणार? पण प्रीपेडचा राग मीटरच्या भाषेवर काढू नये. उघड्या भाषेचं मीटर आपल्याला पाहिजेच.

शेतीपंपाला स्मार्ट मीटर नाही. केंद्राच्या योजनेत शेतीपंप वगळून घरं, दुकानं, डीपी आणि फीडर घेतले आहेत. राज्यात साडेसात एचपीपर्यंत वीजही एप्रिल २०२४ पासून मोफत केली आहे, मार्च २०२९ पर्यंत. मग गावातले म्हणतात, "बिलच नाही तर मीटर कशाले पाहिजे?"

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. लाखो पंपांना मीटरच नाही, एचपीवर हिशोब. मग शेतीला किती वीज गेली हा आकडा अंदाजानं लिहावा लागतो. तो अंदाज खरा का फुगवलेला, हा वाद वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षं चालला आहे. अंदाज फुगला तर गळती आणि चोरी शेतीच्या नावावर खपते, आणि शहरातला माणूस म्हणतो, शेतकरी फुकटात वीज खाऊन राहिला. म्हणून फीडरवर आणि डीपीवर मापातलं मीटर असलं पाहिजे आणि त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. आपल्या डीपीवर महिन्यात किती युनिट आले, व्होल्टेज किती राहिलं, किती तास थ्री फेज होती. हे आकडे असले तर आपल्यालाच बोलायला तोंड मिळते.

व्होल्टेजचंही माप आहे. जाहीर केलेल्या व्होल्टेजच्या ६ टक्के वर-खाली, यापेक्षा जास्त फरक नको. ४१५ धरले तर ३९० च्या खाली काटा जाऊ नये. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, गरम होते, वायंडिंग जळते. वायंडिंगचा खर्च आपला, मोफत योजनेत तो येत नाही. स्टार्टरवर व्होल्टमीटर असेल तर तारीख-वेळ टाकून फोटो काढून ठेवा. अर्जासोबत आकडा गेला की त्याचं वजन वाढते.

सोलर पंपात कोणाचं कुलूप?

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरायची असते. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. आमच्या भागात याची गरज खरी आहे. रात्रीच्या पाळीची लाईन असली की बॅटरी आणि काठी घेऊन बांधीवर जावं लागते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात रात्री शेतात जाणं म्हणजे काय, हे वाघाच्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. दिवसा पाणी मिळालं तर माणूस वाचतो.

सरकारनं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत १६,००० मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलं आहे. उपकेंद्राजवळ सोलर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. चांगली गोष्ट आहे. पण गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल. उपकेंद्राजवळ मोकळी जागा कुठून आणायची? जंगलातून खांब न्यायचे तर वनखात्याची परवानगी. म्हणून धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे शेतात उभा राहणारा स्वतंत्र सोलर पंपच बऱ्याच ठिकाणी उपयोगाचा. म्हणूनच त्या पंपाचं माप आपल्याला माहीत पाहिजे.

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं या पंपांचं सविस्तर माप लिहून ठेवलं आहे. प्लेटा कोणत्या मानकाच्या, स्ट्रक्चर कसं, अर्थिंग आणि वीजरोधक पाहिजेच, पाच वर्षं देखभाल पुरवठादाराची. किती वॅटच्या प्लेटा, किती मीटर उपसा, त्यावर दिवसाला किती लिटर पाणी पडलं पाहिजे, याचा तक्ताही आहे. दोनशे लिटरचा ड्रम आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन तुम्ही अंदाज काढू शकता. फक्त एक लक्षात ठेवा, तो तक्ता चौरस मीटरला ७.१५ युनिट उन्हावर धरलेला आहे. ढगाळ दिवशी तेवढं पाणी पडणार नाही, आणि त्यासाठी कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही.

शिव्या द्यायच्या तर दुसऱ्या गोष्टीला द्या. माझ्या शेतातल्या पंपाचा कंट्रोलर दोन वर्षांपूर्वी भादव्यात बंद पडला. पावसानं दडी मारलेली, धान गर्भात. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुतण्या आयटीआयचा वायरमन आहे. त्यानं प्लेटा, केबल, मोटार सगळं तपासलं, सगळं बरोबर. कंट्रोलरच्या पडद्यावर एक आकडा येत होता. त्याचा अर्थ पुस्तिकेत नाही, पासवर्ड फक्त कंपनीच्या माणसाकडे. दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर लावून पाहावं तर वॉरंटी जाते. माणूस यायला तेवीस दिवस लागले. आला आणि दहा मिनिटांत एक सेटिंग बदलून गेला. तोपर्यंत शेजाऱ्याच्या डिझेल इंजिनावर जेवढं जमलं तेवढं ओलित केलं.

तेवीस दिवसांचं कारण यंत्राचा बिघाड नव्हता, यंत्राला लावलेलं कुलूप होतं. पिठाच्या चक्कीचा पट्टा कोणत्याही दुकानात मिळतो, कारण पट्ट्याचं माप ठरलेलं आहे. कंट्रोलरचं तसं का नाही? बिघाडाचे आकडे सगळ्या कंपन्यांचे एकच का नाही? मराठीत का नाही?

मीटरच्या बाबतीत हे जमलं, तर पंपाच्या बाबतीत जमायला हरकत नाही. काही ठिकाणी सुरुवातही आहे. पंपाचे आकडे दुरून पाहायची जी यंत्रणा असते, तिची भाषा मंत्रालयानं सगळ्यांसाठी एकच ठरवली आहे, आणि नेटवर्क नसेल तेव्हा आकडे यंत्रातच साठून राहावेत अशी अट आहे. युनिव्हर्सल कंट्रोलर म्हणूनही एक माप आहे. त्यात पंप बंद असताना त्याच प्लेटांवर पिठाची चक्की, कडबा कुट्टी, फ्रीज चालवता येते. धानवाल्याचा पंप वर्षात कितीतरी महिने नुसता उभा असतो. बचतगटाच्या बायांना त्यावर चक्की चालवता आली तर त्या प्लेटांचं सोनं होईल. पण अर्ज भरताना हे कोणी सांगत नाही.

माप कोण ठरवते?

जगाची विजेची मापं ठरवणारी आयईसी ही संस्था १९०६ मध्ये लंडनला स्थापन झाली, आता तिचं कार्यालय जिनिव्हाला आहे. भारताकडून तिथं भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस, बसते. आयएसआय मार्कवालं तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये आयईसीची मोठी वार्षिक सभा दिल्लीत भरली होती. जगभरचे इंजिनीअर, कंपन्या, सरकारी अधिकारी आले. ठीक आहे, माप ठरवायला इंजिनीअरच लागतात. धानाचं कोणतं वाण मुरमाड बांधीत येते हे ते सांगू शकत नाहीत, तसं इन्व्हर्टर कसा बनवायचा हे मी सांगू शकत नाही.

पण यंत्र कुठं चालणार, हे मी सांगू शकतो. आमच्याकडे मोबाईलची रेंज झाडावर चढल्यावर येते. मृगात वीज कडाडते ती उघड्या बांधीवर पडते. माकडं प्लेटांवर उड्या मारतात, रानडुकरं केबल उकरतात. वायरमन तालुक्याला, कंपनीचा माणूस नागपूरला. पुणे-मुंबईच्या कार्यालयात बसून लिहिलेल्या मापात हे आपोआप येणार नाही. कोणीतरी सांगावं लागेल.

आणि सांगायची वाट आहे. नवं मानक पक्कं करायच्या आधी बीआयएस त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवते आणि कोणीही त्यावर सूचना पाठवू शकते. भारतीय मानकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवूनही घेता येतात. अडचण एवढीच, की सगळं इंग्रजीत. मी दहावी पास माणूस, पुतण्याला बसवून एक-एक ओळ समजून घेतो. वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत शेतकरी मराठीत उभा राहून बोलू शकतो, तर पंपाच्या मापाचा मसुदा मराठीत का नको?

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. शेतीपंप, कंट्रोलर आणि मीटर यांच्या मानकांचा सारांश मराठीत पाहिजे. बिघाडाचे आकडे सगळ्या कंपन्यांचे एक आणि पुस्तिकेत छापलेले पाहिजेत. तालुक्याच्या आयटीआयमधून शिकलेल्या पोरांना कंट्रोलर दुरुस्तीचं प्रशिक्षण आणि परवाना पाहिजे, म्हणजे वॉरंटी जाणार नाही. आणि ज्या समित्या ही मापं लिहितात, तिथं कोरडवाहू, बागायती आणि जंगलपट्टीचा एकेक शेतकरी बसला पाहिजे.

मागण्या पूर्ण होईपर्यंत आपण काय करायचं? सोलर पंप किंवा मीटर लावायला माणूस आला की सही करायच्या आधी पाटी वाचा. आयएस नंबर आहे का, एचपी आणि वॅट अर्जाप्रमाणे आहेत का, अर्थिंग आणि वीजरोधक खरंच जमिनीत गेला का, देखभालीच्या पाच वर्षांचा कागद आणि तक्रारीचा नंबर हातात दिला का. पाटीचा फोटो काढून ठेवा. "बाकीचं उद्या लावतो, आज सही करा" असं म्हणाला तर त्याला चहा पाजा, पण सही उद्याच करा.

तुमच्या कंट्रोलरच्या पडद्यावर बिघाडाचे कोणते आकडे येतात आणि त्यांचा अर्थ काय निघाला, ते कंपनीच्या नावाशिवाय खाली लिहा. पुतण्या आणि मी मिळून त्याची मराठीत यादी करतो, इथंच टाकू. कोणाच्या तरी भादव्यात कामी पडेल.

पुढची नोंद खोडकिड्यावर. पऱ्ह्यातच पतंग दिसून राहिले, बांधीत नजर ठेवा.